भारीतलं पेट्रोल

पंपावरून बाहेर पडून आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असू. नवऱ्यानं तिसरा गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघ. फरक कळतोय ना? पिसासारखी चाललीय."

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा भारीतलं पेट्रोल भरलं होतं. 'भारीतलं' हा आमच्या घरातला शब्द. पंपावर त्याला काहीतरी रुबाबदार नाव असतं, नोझलचा रंग वेगळा असतो, पाटीवर एखादी गाडी वारा कापत निघालेली असते आणि दर अर्थातच साध्यापेक्षा चढा असतो.

मी म्हणाले, "अरे, इंजिन अजून जुनंच पेट्रोल पितंय."

तो गप्प झाला. मलाही जरा वाईट वाटलं, पण म्हणणं खोटं नव्हतं. टाकी मागे, इंजिन पुढे. मधल्या नळीत आणि फिल्टरमध्ये असतं ते आधीचं पेट्रोल. ते जळून संपल्याशिवाय नवं पुढे सरकत नाही आणि नळीतलं ते घोटभर पेट्रोलसुद्धा किलोमीटर-दीड किलोमीटर सहज पुरतं. म्हणजे पिसासारखी जी काही चालली होती, ती साध्यावरच.

मी हिशेबातली बाई. पोटापाण्यासाठीही हिशेबच लिहिते. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक रेघांची वही आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटी अ‍ॅव्हरेज. मायलेज हा शब्द जाहिरातीतला. गाडी घेताना, विकताना आणि शेजाऱ्याशी भांडताना माणसं अ‍ॅव्हरेजच विचारतात. तर ही वही गाडी आली त्या दिवसापासून चालू आहे आणि तिच्यात खाडाखोड नाही, याचा मला थोडा अहंकारही आहे.

भारीतल्याच्या तीन टाक्या झाल्या आणि वहीत १५.१ च्या जागी १६.२ आलं. लिटरमागे एक किलोमीटर वाढलं! नवऱ्यानं वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "मी नाही म्हणत, तुझी वहीच म्हणतेय."

सात टक्के. दर जितक्या टक्क्यांनी चढा, तितक्या टक्क्यांनी अ‍ॅव्हरेज वाढलं तर पैसे फिटले, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. या हिशेबानं तो जिंकायच्या बेतात होता. मग मी मागची पानं चाळली. त्या तीन टाक्यांच्या आधल्याच आठवड्यात गाडीचं सर्व्हिसिंग झालं होतं. एअर फिल्टर नवा, चारही चाकांत हवा नीट भरलेली. दुसऱ्या टाकीत लांबचा प्रवास होता, सरळ रस्ता, सिग्नल नाही. उन्हाळा सरला होता, म्हणून एसी बंद. आणि शेवटची गोष्ट वहीत लिहिता येत नाही, पण शेजारच्या सीटवरून दिसते: भारीतलं भरलं की हा माणूस भारीतल्यासारखा चालवतो. क्लच अलगद सोडतो. पुढे लाल दिवा दिसला की आधीच पाय काढतो. महागाची वस्तू जपून वापरावी, हे आपल्या हाडात असतं.

म्हणजे सात टक्क्यांना पाच दावेदार होते आणि श्रेय मात्र एकटं पेट्रोल घेऊन गेलं.

*

या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, हे मला फार उशिरा कळलं. भारीतलं म्हणून जे विकलं जातं त्यात कधी ऑक्टेन जास्त असतं, कधी ऑक्टेन तेच असून स्वच्छता करणारी रसायनं जास्त असतात, कधी दोन्ही. एका नोझलमधून येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

आधी ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे ताकद, हा समज इतका घट्ट आहे की आकडा वाचूनच माणसाच्या पायात बळ येतं. पण ऑक्टेन म्हणजे धीर. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबून मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणलं जातं. दाबलं की ते तापतं. मग ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूनं पसरत जाते. कोपऱ्यातल्या मिश्रणानं तोवर थांबायचं असतं, आपली पाळी येईपर्यंत. पण एकीकडून पिस्टन दाबतोय, दुसरीकडून ज्योत रेटतेय, अंग तापत चाललंय. अशा वेळी कोपऱ्यातल्याचा धीर सुटला तर ते आपणहून भडकतं. तेच नॉकिंग. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की पत्र्याच्या डबीत नाणी खुळखुळल्यासारखा आवाज येतो, तो हा. पेट्रोल किती वेळ धीर धरतं, याचं माप म्हणजे ऑक्टेनचा आकडा.

माप ठरवण्याची तऱ्हाही गमतीची आहे. आयसोऑक्टेन नावाचं एक फार शांत द्रव्य, त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन हे फार उतावीळ, त्याला ०. तुमचं पेट्रोल ९१ चं आहे म्हणजे चाचणीच्या इंजिनात ते ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं, एवढंच. हे इंजिन एका सिलिंडरचं असतं आणि चालू असतानाच त्याचा दाब कमी-जास्त करता येतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजलं तर रिसर्च ऑक्टेन, ९०० फेऱ्यांवर आणि जास्त कठीण परिस्थितीत मोजलं तर मोटर ऑक्टेन. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात, बाकी बऱ्याच ठिकाणी नुसता रिसर्चचा आकडा. त्यामुळे तेच पेट्रोल तिकडे चार-पाच आकड्यांनी कमी दिसतं, आणि 'त्यांच्याकडे तर ८७ च मिळतं' असं म्हणून माणसं उगाच स्वतःवर खूश होतात.

या सगळ्यात ऊर्जेचा संबंध कुठेही आला नाही. येतच नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये किती उष्णता साठली आहे, हा वेगळाच प्रश्न. इथेनॉलचंच बघा. त्याचं रिसर्च ऑक्टेन १०० च्या वर जातं, म्हणजे धीराच्या परीक्षेत पेट्रोलच्या कितीतरी पुढे. पण लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. दहा टक्के इथेनॉल मिसळलं की ऑक्टेन वर सरकतं आणि ऊर्जा सुमारे तीन टक्क्यांनी खाली येते. आकडा चढला आणि अ‍ॅव्हरेज उतरलं, असं एकाच टाकीत घडू शकतं.

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कुणाला? ज्या इंजिनाला धीर धरायची वेळ येते, त्याला. टर्बो (म्हणजे हवा रेटून आत भरणारा पंखा) बसवलेली, जास्त दाबावर चालणारी इंजिनं पेट्रोलला जरा जास्तच छळतात. त्यांच्या अंगावर नॉक सेन्सर असतो, म्हणजे एक प्रकारचा कानच. नॉकिंगची चाहूल लागली की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही थोडी पडतात. अशा गाडीला धीराचं पेट्रोल मिळालं तर ठिणगी पुन्हा वेळेवर पडते आणि गेलेलं परत मिळतं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये नेमक्या अशाच गाड्या तपासल्या, म्हणजे ज्यांच्या कंपनीनंच जास्त ऑक्टेनची शिफारस केली आहे पण सक्ती केलेली नाही. सरासरी फायदा निघाला इंधनात २.७ टक्के आणि ताकदीत १.४ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून पाहिलं होतं. तिथे सांगण्यासारखा फायदा काही निघाला नाही.

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत 'किमान ९१' असं लिहिलंय. ते पुस्तक गाडी घेतल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं नव्हतं. मी ते या वादापायी फोडलं. ज्या इंजिनाला रोजच्या रस्त्यावर रागच येत नाही, त्याला राग आवरायचं औषध देऊन काय होणार? एक कंस मात्र ठेवायला हवा. कडक ऊन, पूर्ण ओझं, लांब चढ, आणि आत कार्बन साचलेलं जुनं इंजिन, हे सगळं एकदम जमून आलं तर साध्या गाडीलाही धीर कमी पडू शकतो. हा कंस पुढे माझ्याच कामी आला.

डिझेलवाल्यांसाठी एकच वाक्य: तिकडे सगळं उलटं, तिथे ठिणगीच नसते, डिझेलनं स्वतःहून आणि चटकन पेट घ्यावा हीच अपेक्षा, म्हणून तिकडचं माप ऑक्टेन नाही, सीटेन.

*

हे वाचत असताना मला थॉमस मिजली भेटला आणि दोन रात्री मी हिशेबाचं काम बाजूला ठेवून त्याच्याच मागे होते.

१९१६ सालची गोष्ट. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या संशोधकाच्या हाताखाली हा तरुण मेकॅनिकल इंजिनिअर नॉकिंगच्या मागे लागला होता. रसायनशास्त्र त्याचा विषय नव्हे. दोघांनी मिळून एक तर्क लढवला. एक रानफूल आहे, बर्फातसुद्धा सगळ्यांच्या आधी फुलणारं, आणि त्याची पानं पाठीमागून लालसर असतात. लाल रंग उष्णता जास्त शोषतो म्हणून ते लवकर फुलत असेल. मग इंधनही लाल केलं तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल! मिजली लाल रंग शोधायला गेला. भांडारात रंग नव्हता, आयोडीन होतं. त्यानं तेच ओतलं. इंधन लाल झालं आणि नॉकिंग थांबलं.

आमच्या घरात असं घडलं असतं तर पुढचं मला माहीत आहे. "बघ, मी म्हटलं नव्हतं, लाल रंग!" आणि आम्ही आयुष्यभर लाल पेट्रोल भरलं असतं. मिजलीनं मात्र दुसरे लाल रंग आणून घातले. काहीच झालं नाही. मग आयोडीनचं एक रंगहीन संयुग घातलं. नॉकिंग थांबलं. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता. चुकीच्या कारणासाठी बरोबर बाटली हाताला लागली होती. त्यानं रंग आणि आयोडीन वेगळे केले, तसे मी सर्व्हिसिंग, सरळ रस्ता, बंद एसी आणि नवऱ्याचा पाय पेट्रोलपासून वेगळे केलेच नव्हते. माझी बिनखाडाखोडीची वही त्या दिवशी मला जरा लहान वाटली.

मिजलीची पुढची कथा काळी आहे. अनेक पदार्थ तपासून, त्यात टेल्युरियम या मूलद्रव्याची दुर्गंधी अंगाला चिकटून बसण्याचे दिवसही काढून, १९२१ च्या डिसेंबरात तो टेट्राएथिल लेडपर्यंत पोचला. लेड म्हणजे शिसं. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटनच्या एका पंपावर ते पेट्रोल विकायला आलं. नाव ठेवलं 'एथिल'. शिशाचं नाव पाटीवर नव्हतं. १९२४ च्या शरद ऋतूत न्यू जर्सीतल्या कारखान्यातले पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा मिजलीनं पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं आणि हुंगून दाखवलं. स्वतः त्याला त्याच विषाची बाधा आधी होऊन गेली होती. पुढे जवळपास शंभर वर्षं जगात ते जळत राहिलं. शेवटचा देश अल्जीरिया. तिथली गाड्यांच्या शिशाच्या पेट्रोलची विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की ते रुबाबदार नावाचं पेट्रोल खोटं बोलत नव्हतं. नॉकिंग खरंच थांबत होतं. फक्त त्याचा खरा लाभ जुन्या गाडीत ते ओतणाऱ्याला फारसा झाला नाही. तो झाला त्या धीराच्या भरवशावर जास्त दाबाची नवी इंजिनं बांधणाऱ्यांना. पेट्रोलनं परवानगी दिली, काम इंजिनानं केलं. आजही हिशेब तोच आहे. परवानगी वापरायची सोयच गाडीत नसेल, तर ती टाकीत नुसती पडून राहते.

*

मिजलीचा मान राखून आम्ही प्रयोग करायचं ठरवलं. नवरा लगेच तयार झाला, कारण जिंकणार याची त्याला खात्री होती.

आधी मी मोजायची पद्धत सुधारली. फुल्ल ते फुल्ल ही रीत सगळे वापरतात, पण 'फुल्ल' ही फार लवचिक चीज आहे. नोझल कटकन बंद होतं ते फेस वर आला म्हणून. गाडी थोडी तिरकी असली, भरण्याचा वेग जास्त असला, की अर्धा लिटर इकडेतिकडे. तीस लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. त्यात पेट्रोल उन्हात फुगतं, एका अंश सेल्सिअसला साधारण ०.१ टक्का. दुपारी भरलेलं आणि पहाटे भरलेलं यांत काट्यावर लिटर सारखे असले तरी माल सारखा नसतो. आपण शोधतोय दोन-तीन टक्क्यांचा फरक आणि फूटपट्टीच तेवढ्यानं हलतेय! म्हणून एकच पंप, एकच मशीन, सकाळची वेळ, पहिल्या कटला थांबायचं. दर पंधरा दिवसांनी चाकांतली हवा.

पेट्रोल कुठलं भरायचं ते नाणं ठरवणार. छापा पडला तर भारीतलं. भरायला मी एकटी जाणार, पावती पाकिटात घालून चिकटवणार. त्यानं शंभर किलोमीटर चालवल्यावर पाकिटावर पेनानं लिहायचं: साधं की भारीतलं. दहा टाक्या. आठ महिने लागले.

पहिल्या दोन पाकिटांनंतर त्यानं गाडीऐवजी माझा चेहरा वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी पंपावरून आल्यावर अर्धा तास त्याच्याशी बोलणं बंद केलं. सहाव्या पाकिटावर त्यानं लिहिलं होतं, 'भारीतलं. शंभर टक्के.' खाली दोन रेघा. मला पाकीट चिकटवलेलंच ठेवणं जड गेलं.

दहावी टाकी संपली त्या रात्री पाकिटं फोडली. नाण्यानं सहा वेळा साधं आणि चार वेळा भारीतलं दिलं होतं. नवऱ्याचे अंदाज दहापैकी चार बरोबर. नाणं त्यापेक्षा बरं बोललं असतं. भारीतल्याची सरासरी १५.६, साध्याची १५.४. पण नुसत्या साध्याच्या टाक्यांमध्येच १४.६ पासून १६.३ पर्यंत चढउतार होता. अशा लाटांत ०.२ चा फरक म्हणजे समुद्रात टाकलेली चिमूट.

सहावं पाकीट मी मुद्दाम शेवटी फोडलं. साधं. वहीत त्या तारखेसमोर मी बारीक अक्षरात एक नोंद केली होती: 'काल गाडी धुतली.'

तो बराच वेळ पाकिटांकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुझा प्रयोग चुकलाय."

मी हसणार होते. पण त्याचं पुढचं बोलणं ऐकल्यावर हसू आवरलं. तो म्हणाला, "भारीतल्याचं खरं काम आत साफसफाई करण्याचं असेल, तर ते एका टाकीत कसं दिसेल? तू एकदा साबणानं धुतेस, लगेच पुढच्या खेपेला मळवतेस, आणि म्हणतेस साबणाचा उपयोग नाही."

हा मुद्दा मला निमूट मान्य करावा लागला. आठ महिन्यांच्या शिस्तीनं मी जो प्रश्न सोडवला होता, तो अर्धाच होता.

*

साबणाची उपमा त्यानं सहज दिली, पण ती तंतोतंत आहे. स्वच्छता करणाऱ्या रसायनाच्या रेणूचं एक टोक मळाला धरतं आणि दुसरी लांब शेपटी पेट्रोलमध्ये विरघळते. इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांशी, व्हॉल्व्हच्या पाठीवर जमलेली घाण अशी ओढली जाते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. काही जाती इंजेक्टरवर आणि व्हॉल्व्हवर चांगल्या. पॉलिइथर अमाइन ही जात ज्वलनकक्षाच्या उष्णतेतही टिकते म्हणून ती जास्त नावाजलेली. प्रमाण असतं दहा लाखांत काहीशे भाग. चाळीस लिटरच्या टाकीत म्हणाल तर खोकल्याच्या औषधाची एखाद-दोन टोपणं. पुष्कळदा साधं आणि भारीतलं एकाच टाकीतून निघतं आणि टँकर भरताना हे टोपण त्यात पडतं, एवढाच काय तो भेद.

टोपणाला हसू नये. अमेरिकेत १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलमध्ये स्वच्छतेचं किमान रसायन सक्तीचं आहे. तो किमान डोस पुरत नाही असं वाटून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या कंपन्यांनी 'टॉप टियर' नावाचं जास्त कडक प्रमाण ठरवलं. गाड्या बनवणाऱ्यांनी पेट्रोलवाल्यांची तक्रार करावी, तर त्यात काहीतरी तथ्य असणार. एएएनं २०१६ मध्ये दोन्ही प्रकारची पेट्रोलं एकाच तऱ्हेच्या इंजिनात, सुमारे साडेसहा हजार किलोमीटर चालल्याइतकी, जाळून पाहिली. टॉप टियर नसलेल्यांनी सरासरी १९ पट जास्त मळ साठवला. आणि गंमत म्हणजे त्या प्रमाणात ऑक्टेनची अट नाही. तिथे साधं पेट्रोलही टॉप टियर असू शकतं.

तेव्हा नवऱ्याचं बरोबर? थोडं. हे औषध आहे, टॉनिक नव्हे. मळलेल्या इंजिनाचं हरवलेलं अ‍ॅव्हरेज ते हळूहळू परत आणू शकतं; स्वच्छ इंजिनाला मूळच्यापेक्षा जास्त काही देऊ शकत नाही. आणि साध्या पेट्रोलमध्येच पुरेसं टोपण पडत असेल, तर दुसऱ्या टोपणानं आजार नसलेला माणूस अधिक बरा होत नाही.

यातही एक मेख आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. आमचा मेकॅनिक एका टर्बो गाडीचं इंजिन उघडून बसला होता. मी टायरच्या कामाला गेले होते. त्यानं हाक मारली, "ताई, हे बघा." इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भोकात टॉर्च धरला. आत व्हॉल्व्हची दांडी दिसायला हवी होती; तिच्याभोवती काळं, खरबरीत, वारुळासारखं काहीतरी चढलेलं होतं. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं तर खपली निघून हातावर पडली. बोटांनी चुरगाळली, तेलकट काजळी झाली.

"साधं पेट्रोल टाकत असतील," मी म्हणाले. एव्हाना मीही नवऱ्याच्या बाजूला थोडी झुकले होते.

"छे! पहिल्या दिवसापासून भारीतलंच. पण ही डायरेक्ट इंजेक्शनची आहे. हिचं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. या व्हॉल्व्हला ते शिवतच नाही, मग धुणार काय?"

जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जायचं, जाता जाता ती धुतली जायची. आता इंजेक्टर थेट आत आला. इंजेक्टरच्या तोंडाची स्वच्छता पेट्रोल करतं, पण व्हॉल्व्हच्या पाठीवर येते ती क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, परत फिरवलेली तेलाची वाफ, आणि ती तिथेच भाजून बसते. ज्या गाड्यांना जास्त ऑक्टेनचा खरा उपयोग, त्यांच्यातल्याच बऱ्याच गाड्यांच्या व्हॉल्व्हला भारीतल्या साबणाचा उपयोग नाही. मेकॅनिकनं टॉर्च बंद केला आणि माझ्या टायरकडे वळला. चारही चाकांत हवा कमी निघाली. पंधरा दिवसांची शिस्त प्रयोग संपल्याबरोबर मोडली होती. नुसती हवा भरून आणि शंभराऐवजी ऐंशीनं चालवून जे वाचतं, ते कुठल्याच नोझलमधून मिळत नाही. शंभरावर हवेचा विरोध ऐंशीच्या दीडपटीहून जास्त असतो. पण हवेच्या पंपाला रुबाबदार नाव नाही आणि ऐंशीनं जाणाऱ्या गाडीची पाटी कुणी लावत नाही.

*

घरात तह झाला तो असा. नेहमी साधं. दर चौथ्या-पाचव्या टाकीला नवऱ्याची इच्छा असेल तर भारीतलं, आणि त्याला मी हरकत घ्यायची नाही. फक्त जादा पडणारी रक्कम मी 'इंधन' या खात्यात धरणार नाही. त्यासाठी वहीत नवं सदर उघडलं: 'हौस'. त्यानं ते वाचलं, मान हलवली आणि काही बोलला नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या वहीत असतं, पैशापर्यंत.

परवा लांब चढाच्या रस्त्यानं जायचं होतं. गाडीत पाच माणसं, डिकी सामानानं भरलेली, डोक्यावर ऊन. रात्रभर जागून काम संपवलेला नवरा मागच्या सीटवर पेंगत होता, म्हणून चालवायला मी होते. पंपावरच्या पोरानं काचेत डोकावून विचारलं, साधं की प्रीमियम? कंसातलं सगळं माझ्यासमोर हजर होतं: ऊन, ओझं, चढ, आणि आता फारसं तरुण न राहिलेलं इंजिन. मी म्हणाले, प्रीमियम टाक.

बाहेर पडले, तिसरा गिअर टाकला, पाय किंचित दाबला. गाडी हलकी वाटली. खरंच वाटली. पंप अजून आरशात दिसत होता.

घरी आल्यावर वहीत तारीख लिहिली, किलोमीटर, लिटर. जादा रक्कम 'हौस' मध्ये. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.